नवीन कंपनीत एचआर बसवायचं कसं: कुठनं सुरुवात करायची आणि लोक कुठं चुकतात

कोल्हापूरजवळ शिरोलीत नवीन शेड टाकलेली असू दे, गोकुळ शिरगावात मशीनशॉप असू दे, नाहीतर राजारामपुरीत दोन खोल्या घेऊन सुरू केलेलं सॉफ्टवेअरचं ऑफिस असू दे, एचआरचा, म्हणजे माणसं घेणं, पगार, रजा आणि त्यांचे कागद यांचा घोळ सगळीकडे एकाच जागी होतो. माणसं आधी येतात आणि कागद मागनं. मशीन आलं, ऑर्डर आली, ओळखीतल्या चार जणांना बोलावून घेतलं, पगार तोंडी ठरला, आणि मग सहा-आठ महिन्यांनी कुणाचं तरी बोट चेपतं किंवा कोणतरी सोडून जाताना हिशोब मागतो आणि तेव्हा मालकाला कळतं की आपल्याकडं त्या माणसाचं नावसुद्धा कुठं नीट लिहिलेलं नाही.

म्हणून खाली जे लिहिलंय ते क्रमानं लिहिलंय. क्रम बदलू नका, कारण इथल्या बऱ्याचशा चुका माहिती नसल्यामुळं होत नाहीत, तिसरं काम पहिल्यांदा केल्यामुळं होतात. साधारण ५ ते ५० माणसांची कंपनी डोळ्यासमोर ठेवलीय.

## टप्पा १: कोण ठरवणार ते आधी ठरवा

पहिलं काम एचआर मॅनेजर शोधायचं नाही. २०-२५ माणसांपर्यंत बहुतेक ठिकाणी अकाउंट्समधली एक व्यक्ती आणि बाहेरचा लेबर कन्सल्टंट एवढ्यावर भागतं. पण चार गोष्टी कोण ठरवणार हे एका कागदावर लिहून पार्टनरांच्या सह्या घ्या: माणूस घ्यायचा कोणी, पगार ठरवायचा कोणी, रजा मंजूर करायची कोणी आणि काढायचं कोणी.

आपल्याकडं कंपनी म्हणजे बऱ्याचदा दोन भाऊ, एक मेव्हणा आणि एक मित्र. थोरला भाऊ एकाला १६ हजार कबूल करतो, मेव्हणा त्याच कामाला दुसऱ्याला १९ हजार देऊन बसतो आणि पहिल्या पगाराच्या दिवशीच शॉपवर कुजबुज सुरू होते. हा प्रश्न नंतर पॉलिसी लिहून सुटत नाही.

दुसरी गोष्ट, आणि ही मी प्रत्येकाला सांगतो: पीएफ (भविष्य निर्वाह निधी), ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा), प्रोफेशन टॅक्स (व्यवसाय कर) या सगळ्या पोर्टलवर मोबाइल नंबर आणि ईमेल कंपनीचा टाका. कन्सल्टंटचा नाही, अकाउंटंटच्या स्वतःच्या जीमेलचा नाही. एक वेगळं सिमकार्ड घ्या, कंपनीच्या नावानं एक ईमेल काढा, पासवर्ड मालकाकडं ठेवा. कन्सल्टंट बदलायची वेळ आली आणि ओटीपी त्याच्या फोनवर जात असला की तुमचीच नोंदणी तुम्हाला उघडता येत नाही, मग अर्ज आणि खेटे सुरू होतात.

तपासा: सगळी लॉगिन, रजिस्टर मोबाइल नंबर आणि डिजिटल सही कुणाकडं आहे, याची एक यादी आजच्या तारखेनं तयार आहे का?

## टप्पा २: माणसं मोजा, पण नीट मोजा

पुढच्या १२ महिन्यांत कुठल्या कामाला किती माणसं लागणार याचा तक्ता करा. कामाचं नाव, काय करायचं ते दोन ओळींत, कुणाच्या हाताखाली, कुठल्या महिन्यात. एवढं पुरे, मोठा ऑर्गनायझेशन चार्ट काढत बसू नका.

हा आकडा महत्त्वाचा का, तर कायदे माणसांच्या संख्येवर लागू होतात. ढोबळ हिशोब असा:

- ५ माणसं झाली की महाराष्ट्र कामगार कल्याण निधी. वर्षातनं दोनदा, जून आणि डिसेंबरच्या पगारातनं. कामगाराचे २५ रुपये, कंपनीचे ७५.
- १० झाली की कारखान्याला ईएसआय, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना द्यायची रक्कम), आणि लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती.
- २० झाली की पीएफ आणि बोनस. पॉवरवर चालणाऱ्या युनिटला २० कामगारांवर फॅक्टरी लायसन्स. तक्रार निवारण समितीही २० कामगारांवरच.

सावधान: पीएफ आणि ईएसआयसाठी मोजताना काँट्रॅक्टरची माणसंसुद्धा मोजतात. तुमच्या मस्टरवर (हजेरीपटावर) १४ आणि लेबर काँट्रॅक्टरकडनं आलेले ८ असतील तर तुम्ही २२ आहात. "ती माझी माणसं नाहीत, मुकादमाची आहेत" हे तिथं चालत नाही, आणि काँट्रॅक्टरनं त्यांचा पगार बुडवला तर तो भरायची जबाबदारी शेवटी तुमच्यावरच येते. शिवाय एकदा लागू झालं की नंतर माणसं कमी झाली म्हणून पीएफ किंवा ईएसआय बंद होत नाही.

कुणी तुम्हाला "१९ वरच थांबा, बाकीचे कॅशवर दाखवू" असा सल्ला दिला तर ऐकू नका. तो माणूस मशीनवर जखमी झाला की तुमच्याकडं ना ईएसआय असतंय ना कागद, सगळा खर्च आणि सगळी जबाबदारी खिशातनं.

## टप्पा ३: पगाराची रचना, ऑफर देण्याच्या आधी

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. कोल्हापुरात इंटरव्ह्यूत जो पगार बोलला जातो तो "हातात किती" असा असतो. मालकाच्या डोक्यात मात्र तोच आकडा कपातीच्या आधीचा असतो. दोघंही १५ हजारच म्हणतात, मान हलवतात आणि पहिल्या पगाराला भांडण.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. सीएनसी ऑपरेटर, बेसिक (मूळ पगार) अधिक डीए (महागाई भत्ता) मिळून १५,०००, बाकी भत्ता काही नाही, पीएफ-ईएसआय दोन्ही लागू.

त्याच्याकडनं कापलं जाणार: पीएफ १२ टक्क्यांनी १,८००, ईएसआय ०.७५ टक्क्यांनी ११३, प्रोफेशन टॅक्स २००. हातात येणार १२,८८७. फेब्रुवारीत प्रोफेशन टॅक्स ३०० असतो म्हणून आणखी १०० कमी.

कंपनीला पडणार: १५,००० अधिक पीएफचा आपला हिस्सा १,८००, त्यावर विम्याचे ०.५ टक्के म्हणजे ७५ आणि प्रशासकीय खर्चाचे ०.५ टक्के म्हणजे ७५, ईएसआय ३.२५ टक्क्यांनी ४८८. झाले १७,४३८. आता ग्रॅच्युइटीची तरतूद महिन्याला साधारण ७२१ आणि बोनस ८.३३ टक्क्यांनी १,२५० धरला तर १९,४०९.

म्हणजे त्याच्या हातात पावणेतेरा हजारांच्या वर थोडे आणि तुमच्या खिशातनं साडेएकोणीसच्या जवळ. हे दोन्ही आकडे इंटरव्ह्यूलाच समोर ठेवा, कागदावर लिहून. त्या माणसाला पीएफमध्ये त्याच्या नावावर महिन्याला ३,६०० जातात (कंपनीच्या हिश्श्यातला काही भाग पेन्शनला वळतो) हे नीट समजावून सांगा, मग तोही शांतपणे ऐकतो. न सांगता कापलं की तेच पैसे त्याला बुडवल्यासारखे वाटतात.

रचना करताना तीन गोष्टी बघायच्या.

किमान वेतन. तुमच्या उद्योगाच्या यादीतलं कुशल, अर्धकुशल, अकुशल यातलं कुठलं काम आणि कुठला झोन हे बघून मूळ दर अधिक विशेष भत्ता काढा. हा विशेष भत्ता महाराष्ट्रात जानेवारी आणि जुलै असा वर्षातनं दोनदा बदलतो. मागच्या वर्षीचा तक्ता घेऊन बसू नका. आणि बाईमाणसाला त्याच कामाला कमी दर लावणं हा सरळ कायद्याचा भंग आहे, "इकडं असंच चालतंय" हे कारण नव्हे.

भत्त्यांची फोड. पीएफ वाचवायला बेसिक ५ हजार आणि बाकी सगळं एचआरए, कन्व्हेयन्स, वॉशिंग, स्पेशल असं दाखवायची जुनी खोड आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड (नवे कामगार कायदे) लागू झालेत आणि त्यात भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरायचा असं आहे. नवीन कंपनी आहे, जुनं ओझं नाही, तर पहिल्या दिवसापासनंच बेसिक अधिक डीए निम्म्याच्या वर ठेवा. शॉपवरच्या कामगाराला तर मी म्हणेन फोडच करू नका, सगळं बेसिक-डीएमध्ये ठेवा, हिशोब सोपा राहतो.

बोनस. नव्या कंपनीला पहिल्या ५ वर्षांत ज्या वर्षी नफा होईल त्याच वर्षाचा बोनस द्यायची सवलत कायद्यात आहे. पण दिवाळीला काहीच देणार नाही असं डोक्यात असेल तर ते जॉइनिंगलाच स्पष्ट सांगा. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात सांगितलं तर चांगली माणसं शेजारच्या शेडमध्ये जातात.

तपासा: प्रत्येक पदाला तीन आकडे लिहिलेत का? एकूण पगार, हातात येणारा, कंपनीला पडणारा.

## टप्पा ४: नोंदण्या

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली असेल तर आधी स्थापनेचे कागद उघडून बघा. एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या) फॉर्ममधनंच पीएफ आणि ईएसआयचे कोड नंबर आणि महाराष्ट्रात प्रोफेशन टॅक्सचीही नोंदणी होऊन जाते. बऱ्याच जणांना हे माहितीच नसतं, ते पुन्हा नवीन नोंदणी करायला जातात आणि एकाच कंपनीचे दोन कोड होऊन बसतात. नंबर मिळाला म्हणजे लगेच भरणा सुरू असं नाही, संख्येची मर्यादा ओलांडली की भरणा सुरू, पण तो दिवस तुम्हीच लक्षात ठेवायचा असतो, कुणी फोन करून सांगत नाही.

भागीदारी किंवा प्रोप्रायटरी असेल तर सगळं वेगवेगळं काढावं लागतं. क्रम असा ठेवा: पॅन आणि टॅन, कंपनीच्या नावचं बँक खातं, दुकान-आस्थापनेची नोंदणी (माणसं कमी असतील तर नुसती सूचना दिली तरी चालते) किंवा कारखाना असेल तर फॅक्टरी लायसन्सचं काम, मग प्रोफेशन टॅक्स, मग ईएसआय, मग पीएफ. प्रोफेशन टॅक्सची दोन सर्टिफिकेटं असतात, एक कंपनीच्या स्वतःच्या टॅक्सचं आणि एक पगारातनं कापून भरायचं. पहिलं काढून दुसरं विसरणारे बरेच भेटतात.

जागेचा कागद आधी नीट करा. एमआयडीसीतला प्लॉट एकाच्या नावावर, शेड भाड्यानं दुसऱ्याकडं, लाइट बिल तिसऱ्याच्या नावावर असा प्रकार असला की प्रत्येक नोंदणी पत्त्याच्या पुराव्यावर अडकते.

## टप्पा ५: माणूस निवडणं

कोल्हापुरात माणूस मिळतो तो बहुतेक ओळखीतनं. यात वाईट काही नाही, ओळखीचा माणूस टिकतो. फक्त ओळखीनं आलेल्यालाही तीच परीक्षा द्या जी बाकीच्यांना.

ऑपरेटर, फिटर, क्वालिटीचा माणूस घेताना गप्पा मारून निवडू नका. एक ड्रॉइंग, एक झालेला जॉब आणि व्हर्निअर-मायक्रोमीटर समोर ठेवा आणि पाच मापं घेऊन लिहायला सांगा. दहा मिनिटांचं काम. मायक्रोमीटर कसा धरतो, शून्य बघतो का, टॉलरन्स कुठं वाचतो, एवढ्यात सगळं कळतं. अकाउंट्सला पाच बिलं देऊन एंट्री करायला लावा. सॉफ्टवेअरवाल्याला छोटं काम द्या, पण तुमच्या खऱ्या क्लायंटचं काम फुकटात करून घेऊ नका. पूर्ण दिवस शॉपवर ट्रायल घेतली तर त्या दिवसाचा पगार द्या, आणि ईएसआय लागू असेल तर नोंद केल्याशिवाय मशीनला हात लावू देऊ नका.

नवीन पोरांसाठी कळंब्याचं सरकारी आयटीआय, सरकारी पॉलिटेक्निक, केआयटी आणि सायबर ही कॉलेजं, विद्यापीठाचे विभाग हे सगळं हाताशी आहे. प्लेसमेंटवाल्यांना एक मेल टाकून सोडून देण्यापेक्षा स्वतः जाऊन भेटा. अप्रेंटिस (शिकाऊ उमेदवार) घ्यायचे असतील तर ३० माणसं झाली की ते बंधनकारकच आहे, त्याच्या खालीही ४ पासनं घेता येतात. मात्र रीतसर करार पोर्टलवर करूनच. नुसता "ट्रेनी" म्हणून दोन-दोन वर्षं कमी पगारात राबवून घेणं म्हणजे अप्रेंटिस नव्हे.

सावधान: ओरिजिनल मार्कशीट, लिव्हिंग सर्टिफिकेट किंवा कोरा चेक ठेवून घेऊ नका. "सोडून जाऊ नये म्हणून" असं करणारे आहेत आणि हे चुकीचंच आहे. मूळ कागद बघा, झेरॉक्सवर "मूळ प्रत पाहिली" लिहून सही करा, मूळ तिथंच परत द्या.

## टप्पा ६: ऑफर लेटर आणि अपॉइंटमेंट लेटर

ही दोन वेगळी पत्रं आहेत. ऑफर छोटी: पद, पगार, कधी रुजू व्हायचं, ऑफर किती दिवस खुली. अपॉइंटमेंट लेटर सविस्तर, आणि ते रुजू होण्याच्या दिवशी हातात. नव्या कोडमध्ये प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणं बंधनकारक आहे, शॉपवरचा हेल्परसुद्धा आला त्यात.

नेटवरनं बेंगळुरूच्या कुठल्यातरी आयटी कंपनीचं १२ पानांचं इंग्रजी पत्र उचलून नाव बदलून देऊ नका. त्यातली अर्धी कलमं तुम्हाला लागू नसतात आणि वाचणाऱ्याला कळत नाहीत. कामगारांसाठी मराठीत दोन पानं लिहा. पद आणि कामाचं ठिकाण, पगाराची फोड, कामाचे तास आणि शिफ्ट, साप्ताहिक सुट्टी, प्रोबेशन किती महिने, नोटीस किती दिवसांची, रजा किती. प्रोबेशन संपल्यावर कायम केल्याचं पत्र द्यायचं राहून जातं, ती तारीख कॅलेंडरला लावून ठेवा.

नोटीस दोन्हीकडनं सारखी ठेवा. कामगारानं ६० दिवसांची द्यायची आणि कंपनीनं एका दिवसात काढायचं असलं लिहिलं की पहिल्याच वादात ते अंगाशी येतं.

फिक्स्ड टर्मवर (ठरावीक मुदतीच्या करारावर) माणूस घेणार असाल तर एक लक्षात घ्या, नव्या कोडनुसार त्याला एका वर्षावर ग्रॅच्युइटी लागू होते, पाच वर्षांची वाट बघायची नाही.

## टप्पा ७: रुजू होण्याचा दिवस आणि नावाचा घोळ

आधार, पॅन, बँक पासबुक, शिक्षणाचे कागद, आधीच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर, जुना यूएएन नंबर (पीएफचा कायमचा नंबर), ईएसआयचा जुना नंबर, घरच्या लोकांची माहिती आणि नॉमिनी. यादी सगळ्यांना माहिती असते. अडकतं ते नावावर.

शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, पॅनवर वडिलांचं नाव गाळलेलं, बँकेत दत्तात्रयच्या इंग्रजी स्पेलिंगला शेवटी एक अक्षर जास्त. लग्न झालेल्या बाईचं आधार सासरच्या नावानं आणि पॅन माहेरच्या. जन्मतारखेचं तर विचारू नका, खेड्यातल्या शाळेत गुरुजींनी सरसकट १ जून लावलेली असायची आणि आधारवर तिसरीच तारीख असते. हे सगळं त्या दिवशी किरकोळ वाटतं. पण पाच-दहा वर्षांनी त्या माणसाला पोरीच्या लग्नाला नाहीतर दवाखान्याला पीएफ काढायचा असतो तेव्हा नाव जुळत नाही म्हणून क्लेम परत येतो, आणि तोपर्यंत तुमच्याकडं ते काम करणारा माणूस बदललेला असतो. त्याचे हक्काचे पैसे तुमच्या एका अक्षरामुळं अडकतात. म्हणून आधार प्रमाण धरा, चारही कागद शेजारी-शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा, फरक असेल तर दुरुस्तीचा अर्ज त्याच आठवड्यात करायला लावा आणि त्यासाठी अर्धा दिवस पगारी सुट्टी द्या.

जुना यूएएन असताना नवीन काढू नका. "आठवत नाही" म्हणतो म्हणून नवीन काढला की दोन खाती होतात. उमंग ॲपवर शोधता येतो, शोधा.

ईएसआयची नोंद पहिल्याच दिवशी, माणूस मशीनवर जायच्या आधी. कायद्यात १० दिवस दिलेत म्हणून दहाव्या दिवसाची वाट बघत बसू नका. कामावरच्या अपघाताला ईएसआयचं संरक्षण पहिल्या दिवसापासनं असतं, त्याला किती महिने भरलं ते बघत नाहीत. पण नोंदच नसेल तर अपघात झाल्यावर धावाधाव करून उपयोग नाही.

आणि आधारकार्डाचे फोटो कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागवू नका. चाळीस जणांसमोर एकाचं आधार, पासबुक, बायकोचं नाव पडतंय. एका नंबरवर वैयक्तिक पाठवायला सांगा, फाइलला लावा, फोनवरनं काढून टाका.

तपासा: प्रत्येकाची एक फाइल, पहिल्या पानावर रुजू तारीख, यूएएन, ईएसआय नंबर, रक्तगट आणि घरच्यांचा फोन. यातलं काही रिकामं असेल तर फाइल पूर्ण नाही.

## टप्पा ८: हजेरी, रजा, ओव्हरटाइम आणि उचल

बायोमेट्रिक लावा पण पहिले काही महिने हातानं भरलेलं मस्टरही ठेवा. मशीन बंद पडलं, लाइट गेली, कुणाचं बोट फाउंड्रीत काम करून घासलं गेलंय आणि उमटतच नाही, असं होतंय. उशिराचा नियम एकच आणि सगळ्यांना सारखा.

रजेचे आकडे आस्थापनांसाठी राज्याच्या कायद्यात दिलेत: वर्षाला ८ किरकोळ रजा, २४० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांमागं १ भरपगारी रजा, ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते, आणि ८ सणांच्या पगारी सुट्ट्या ज्यात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर आलेच. राहिलेल्या चार ठरवताना माणसांना विचारा. गणपती, दसरा, दिवाळी बहुतेक ठरलेलं असतं.

आता इथलं खास. रजेचं धोरण कॉपी-पेस्ट करू नका कारण कोल्हापूरच्या अडचणी त्यात नसतात. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडीकडनं येणारी पोरं जून-जुलैत भात लावणीला चार दिवस जाणारच. गावच्या यात्रेला प्रत्येक गावचे लोक वेगवेगळ्या तारखेला खाडा करतात, चैत्रात जोतिबा आहे. ही यादी गावाप्रमाणं आधीच मागून घ्या आणि प्लॅनिंगमध्ये धरा, म्हणजे सुपरवायझर आणि कामगार दोघांचंही भांडण वाचतं. बिहार, यूपी, ओडिशाची माणसं असतील तर त्यांना जाऊन-येऊनच चार-पाच दिवस लागतात, म्हणून त्यांना रजा एकत्र साठवून घ्यायची मुभा ठेवा.

आणि पूर. २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी आलं तेव्हा शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवे बंद होता, अलीकडची माणसं अलीकडं आणि पलीकडची पलीकडं. कामावर येताच येत नाही अशा दिवसांचा पगार कसा, घरात पाणी आलेल्याला किती दिवस, पगार थोडा आगाऊ देणार का, हे धोरणात दोन ओळींत लिहून ठेवा. पाणी चढलेलं असताना हे ठरवता येत नाही, आणि ठरवलं तरी एकाला दिलं दुसऱ्याला नाही असं होतं. माझं मत विचाराल तर पुराचे दिवस खाडा म्हणून मांडू नका.

ओव्हरटाइम दुप्पट दरानं. दीडपट नाही, चहा-वडापाववर तर नाहीच. आणि पगाराच्या स्लिपवर वेगळा दिसला पाहिजे.

उचल हा आपल्याकडचा मोठा विषय. प्रत्येकाला कधी ना कधी लागतेच, शाळेची फी, दवाखाना, ट्रॅक्टरचा हप्ता. द्या, पण रजिस्टरला लिहून, सही घेऊन, किती हप्त्यांत फेडायची ते ठरवून. पगारातल्या सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. मालकानं खिशातनं कॅश दिली आणि अकाउंट्सला सांगायचं विसरला, तर हिशोब दोन महिन्यांतच हातातनं जातो.

## टप्पा ९: पहिला पगार

महिना संपला की हजेरी बंद करायची तारीख ठरवा, पहिली किंवा दुसरी. सुपरवायझरनं मस्टर तपासून सही, मग पगारपत्रक, मग मालकाची मंजुरी, मग बँक. ७ तारखेच्या आत पगार गेलाच पाहिजे. पगारातनं टीडीएस (आयकर) कापला असेल तर त्याचा भरणाही ७ पर्यंतच, मार्च महिन्याचा तेवढा ३० एप्रिलपर्यंत. पीएफ आणि ईएसआय १५ पर्यंत.

पहिल्या महिन्यात सगळे आकडे एकदा हातानं, कॅल्क्युलेटर घेऊन, निदान पाच माणसांचे काढून बघा. सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग चुकलं की ती चूक बारा महिने गुपचूप चालते. सारखी दिसणारी एक चूक म्हणजे महिला कर्मचाऱ्यांचा प्रोफेशन टॅक्स. २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलेला तो लागतच नाही, तरी कापला जातो. दुसरी चूक, पगार २१ हजारांच्या वर गेला की त्याच महिन्यापासनं ईएसआय बंद करतात. तसं नाही, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे कालावधी असतात आणि चालू कालावधी संपेपर्यंत भरावंच लागतं.

पीएफ कापलाय आणि भरला नाही, असं कधीच करू नका. कॅश फ्लो अडला तर दुसरं काहीही लांबवा. उशिराला १२ टक्के व्याज आणि वर दंड आहेच, पण मुळात ते पैसे कामगाराचे आहेत.

## टप्पा १०: समिती

दहा माणसं झाली की लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती लेखी आदेश काढून नेमा. अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी, निम्म्या तरी महिला, आणि एक बाहेरची सदस्य जिला या विषयाची जाण आहे. ऑफिसात दोनच मुली आहेत म्हणून लागत नाही असं कुणी म्हणालं तर चूक आहे, आणि समिती नेमली नाही तर ५० हजारांपर्यंत दंड आहे. दहाच्या आत असाल तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाते, तो पत्ता बोर्डावर लावा.

नावं नुसती फाइलला लावून ठेवू नका. समितीतल्या बायकांना एकदा बसवून सांगा की तक्रार आली तर काय करायचं: घटनेपासनं ३ महिन्यांत लेखी तक्रार, ९० दिवसांत चौकशी, आणि कुणाजवळही वाच्यता नाही. छोट्या कंपनीत सगळे एकमेकांच्या ओळखीचे, कुणाचा ना कुणाचा पाहुणा असतोच, त्यामुळं बाहेरची सदस्य खरोखर बाहेरची असू द्या, मालकाची वहिनी नको.

## टप्पा ११: सोडून जाणारा माणूस

राजीनामा लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर आला असेल तरी त्याला मेलनं किंवा कागदावर पोच द्या. शेवटचा दिवस ठरवा आणि त्याच्या आधीच हिशोब करा, कारण नव्या वेतन कोडप्रमाणं सोडल्यानंतर दोन कामाच्या दिवसांत त्याचं वेतन चुकतं करायचं असतं. "४५ दिवसांनी फुल अँड फायनल" ही पद्धत आता विसरा. म्हणजे टूल, आयकार्ड, लॅपटॉप, उचल यांचा नो-ड्यूज कागद शेवटच्या दिवसाच्या आधी फिरला पाहिजे, नंतर नाही. शिल्लक भरपगारी रजेचे पैसेही त्यातच.

रागावून गेला म्हणून पगार अडवू नका, अनुभवाचं पत्र अडवू नका. गोकुळ शिरगावातनं शिरोलीला बातमी एका दिवसात पोचते, पुढचा माणूस तुमच्याकडं येताना विचारूनच येतो.

आणि हे केल्याशिवाय त्याची फाइल बंद करू नका: पीएफच्या पोर्टलवर त्याची सोडल्याची तारीख आणि कारण टाका. हे एक राहिलं की त्याच्या पुढच्या कंपनीत पीएफ ट्रान्सफर अडकतो आणि तो माणूस वर्षभर तुम्हाला फोन करत राहतो. ज्या महिन्यात माणूस गेला त्या महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्यात भरताना, १५ तारखेच्या आत, ही नोंद झाली का ते अकाउंट्सकडनं स्क्रीनवर उघडून बघा.